रिकामं भांडं परत करत नाहीत

हॅरोज लँडिंग, मिसिसिपी
६ मार्च

मेबेथ बेबी,

आधी बस. हाताला पीठ असेल तर हात धू, कारण हे पत्र तू चुरगाळणार आहेस आणि मग डागांमुळे पुढचं वाचता यायचं नाही.

मी पोट कापून घेतलं.

मेम्फिसच्या डॉक्टरने माझ्या पोटाच्या पिशवीचा मोठा भाग काढून टाकला आणि उरलेली केळ्याएवढी शिवून ठेवली. ‘केळ्याएवढी’ हा त्याचाच शब्द. मी विचारलं, “सोललेलं केळं की सालासकट?” तो हसला नाही. पोरगेलासा आहे, कंबर माझ्या दंडाएवढी. त्याला काय कळणार?

तुला आधी बोलले नाही, कारण तू अडवलं असतंस आणि मी अडले असते. मम्मा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली तेव्हा तिची पेटी उचलायला नेहमीची सहा माणसं पुरली नाहीत, चर्चमधून आणखी चौघांना हाका माराव्या लागल्या. आपल्या पाद्र्यांचा, ब्रदर हॉलिसचा, धाकटा भाऊ त्या दिवशी कमरेतून वाकला तो अजून सरळ झालेला नाही. मी पंचावन्नची आहे. साखर आहे, गुडघे गेलेत, झोपेत श्वास अडकतो. ओडेल म्हणतो, “तू घोरायची थांबलीस की मला जाग येते.” पुढचं गणित मला कुणी शिकवायला नको.

ऑपरेशनचं म्हणशील तर कापलेलं दुखत नाही, हवा दुखते. पोट फुगवायला आत हवा भरतात आणि ती नंतर खांद्यात जाऊन बसते. निघता निघत नाही. ती निघावी म्हणून चालायचं. मागून उघडा झगा घालून मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते आणि अख्ख्या मेम्फिसला दर्शन देत होते. पाणी प्यायचं ते खोकल्याच्या औषधाच्या पेल्यातून. घोट जरा मोठा झाला की छातीत दगड अडकतो.

चर्चमध्ये मात्र सांगितलंय, पित्ताशय काढलं. मिस ओर्फाला खरं कळलं असतं तर ती म्हणाली असती, “तोंड मिटायला डॉक्टर कशाला लागतो?” पण माझी अक्कल बघ. इथे माणूस आजारी पडलं की काय होतं ते मला माहीत नव्हतं का? मी घरी पोचायच्या आधी भांडी पोचली होती. काचेच्या खोलगट भांड्यांत कोंबडी, नूडल्स, चीज, वर चुरलेली बिस्किटं, सगळं भट्टीतून नुकतं निघालेलं. फ्रीज भरला, टेबल भरलं, आता पियानोवर ठेवतोय. मी चार चमचे गाळलेलं सूप पिते आणि माझ्यासमोर ओडेल आणि कुत्रा माझ्या पित्ताशयाच्या नावाने जेवतात.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी चर्चचं होमकमिंग आहे, गाव सोडून गेलेले सगळे जेवायला परत येतील. तू सुट्टीवर असशील ना? सगळे जेवून उठले की ट्रकच्या मागच्या फळीवर बसून आपण दोघी केळ्याचं पुडिंग खायचं. तेच मम्माचं पातेलं, दोन चमचे. मला किती जाईल ठाऊक नाही. पण बसायचं आहेच.

तुझी,
व्हर्लीन

*

लॉरा बेल बोट, केरोच्या वर कुठेतरी
१९ मार्च

सिस,

पत्र किराण्याच्या लाँचबरोबर आलं, अंड्यांच्या खोक्यावर ठेवलेलं. बसून वाचलं. मग उभी राहून वाचलं. मग ग्रेव्ही करपली. मी या बोटीवर स्वयंपाकाला लागल्यापासून कधी करपली नव्हती. कॅप्टन डूलीने एक घास घेतला, टोपी काढली आणि विचारलं, “मिस मेबेथ, घरी कोण वारलं?” मी म्हटलं, “बहिणीचं पोट.”

पित्ताशयाची थाप चर्चला मारलीस ते ठीक. मला का नाही मारलीस? निदान मी सुखाने स्वयंपाक केला असता.

‘टेटम बहिणी आल्या, बाकांना टेकू लावा’ असं म्हणणारे किती होते आठवतंय? आपण त्यांच्यासमोर मुद्दाम धप्पकन बसायचो आणि त्यांच्याहून मोठ्याने हसायचो. दोघी होतो म्हणून हसता आलं, सिस. एकटीला हसता येत नाही. एकटीला नुसते लोक हसतात.

आता तू बारीक होणार. तुला नवे कपडे लागणार. तू ‘बाई, पोट भरलं’ म्हणत तोंड पुसणार आणि मी पातेलं मांडीवर घेऊन बसणार. दोन चमच्यांनी खाल्लं तर ती मजा. एका चमच्याने तेवढंच खाल्लं तर लोक डॉक्टरला बोलावतात.

होमकमिंगला मी येत नाही. सुट्टी सोडून जादा फेरी घेतली आहे. नदीवर बरी आहे मी. इथे नऊ माणसं आहेत आणि सगळी भरपूर खातात.

कुत्र्याला चीज देऊ नका. त्याचा वास तुम्हालाच घ्यावा लागेल.

टेटम बहिणींतली उरलेली,
मेबेथ

*

हॅरोज लँडिंग
२ एप्रिल

मेबेथ,

कुत्र्याचा सल्ला उशिरा पोचला. पियानोची खोली आम्ही सोडली आहे.

तू शिव्या दिल्यास त्या मी घेतल्या. बारीक होणं काय मजेचं असतं म्हणून तू समजून बसलीस, ते मात्र ऐक. केस गळतायत. मूठमूठ. न्हाणीघराच्या जाळीत रोज एक उंदीर अडकल्यासारखा दिसतो. काल एक उकडलेलं अंडं खाल्लं, दोन घास जास्त, आणि ते तसंच्या तसं परत आलं. सकाळ-संध्याकाळ दुधात कालवलेली पावडर प्यायची. चव विचारशील तर शाळेतला फळा चाटून बघ. टीव्हीवर तळलेल्या कॅटफिशची जाहिरात लागली आणि मी रडले. नुसते डोळे पाणावले नाहीत, नाक शिंकरून रडले. ओडेलला वाटलं, बातम्यांत कुणी ओळखीचं गेलं.

बरं, वजन उतरतंय. मान सापडली. बुटाची नाडी मी स्वतः बांधते. पण घरात माझी जागा कुठली ते कळेनासं झालंय. जेवायच्या वेळी मी काय करू? सगळे जेवतात आणि मी लहान चमच्याने सूप ढवळते, म्हणजे काहीतरी करतेय असं वाटावं.

आणि भांडी. तुला माहीत आहे, प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी असते आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. रिकामं भांडं परत करत नाहीत. मम्माने आपल्याला चालता येण्याआधी हे शिकवलं. त्यात काहीतरी घालूनच परत करायचं. पण चुलीपुढे उभी राहिले की मला वासानेच ढवळतं. म्हणून धुतलेली भांडी कपडे धुण्याच्या खोलीत एकावर एक रचली आहेत आणि खोलीचं दार लागत नाही.

यात भर म्हणजे लॅडोना क्रम्प. दोन नवरे पोचवलेली लॅडोना. तिने आजवर चार वेळा भांडं आणलं आणि चारही वेळा लिपस्टिक लावून आणलं. ओडेल म्हणतो, “भली बाई आहे.” तो कुणालाही भलं म्हणतो, त्याने एकदा साप आल्यावर त्याला बाजूला हो म्हटलं होतं.

ये ना गं.

व्हर्लीन

*

लॉरा बेल
१३ एप्रिल

सिस,

राग गेलेला नाही. पण फळा चाटणाऱ्या माणसावर किती रागावणार?

कोंबडीची हाडं आधी भट्टीत लाल होईतो भाज. मग कांदा, सेलरी, एक चमचा व्हिनेगर घालून दिवसभर मंद ठेव आणि दोनदा गाळ. खिडकी उघडी ठेव म्हणजे वास कोंडणार नाही. हे ओडेलला करायला सांग, त्याचे हात काही लॅडोनाने धरून ठेवलेले नाहीत. अजून तरी.

माझं ठीक आहे. परवा खुर्ची मोडली. बोट डुलली, तोल गेला, झालं. डेकवरच्या पोरांनी उठवलं. पोरं चांगली आहेत, एकही हसलं नाही. तेच जरा लागलं.

मेबेथ

*

हॅरोज लँडिंग
२४ एप्रिल

मेबेथ,

रस्सा जमला. ओडेलने केला. पहिल्यांदा मला काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं.

आता मला सांग, मिसिसिपीवर बोट डुलायला कधीपासून लागली? पुढे मालाचे एवढे जड बार्ज बांधलेले असताना तुझ्या ओट्यावरचा पत्त्यांचा बंगला पडत नाही, असं तूच सांगायचीस. मी खोटं बोलले तर तू ओरडलीस. मी ओरडत नाही. फक्त विचारते.

इकडे भलतंच होऊन बसलंय. पित्ताशय काढलेली बाई महिन्या-दीड महिन्यात हिंडूफिरू लागते. मी वाळत चालले, डोक्यावर स्कार्फ, ताटाला हात लावत नाही. गावाने दोन आणि दोन मिळवून कॅन्सर केला.

मला सगळ्यात शेवटी कळलं. चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, त्यात माझं नाव आधी ‘लवकर बरं वाटो’मध्ये घ्यायचे. गेल्या रविवारी ते ‘देवाची इच्छा असेल तसं’मध्ये सरकलं. मिस ओर्फाने मला विचारलं, “तुला कोणतं गाणं आवडतं, शुगर? सहज विचारते.” सहज! चर्चमधल्या ट्वायलाने माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं की तुझे मांजरीच्या चित्रांचे कप मी सांभाळीन. आणि लॅडोना परवा आली ती ओडेलला विचारत होती, भेंडी तळलेली आवडते की शिजवलेली, आणि विचारताना बघत होती माझे पडदे.

तू म्हणशील, खरं सांगून टाक. तोंड उघडते आणि समोर भांडी दिसतात. अगं, एवढ्या बायकांनी माझ्यासाठी कोंबड्या सोलल्या. गुडघ्यावर बसून रडल्या. त्यांना कसं सांगू की मी मरत नाही, मला फक्त खाली वाकता यायला हवं होतं? खोटं एवढंसं होतं, त्याला सगळ्यांनी मिळून जेवू घालून मोठं केलं.

ब्रदर हॉलिसने ठरवलंय, यंदाच्या होमकमिंगला माझा मान. पुढे खुर्ची, हार, गाणी. म्हणजे माझं शेवटचं होमकमिंग.

मला एकटीने त्या खुर्चीत बसवू नकोस, बेबी. ये.

व्हर्लीन

*

हॅरोज लँडिंग
५ मे

मेबेथ,

तुझं काहीच आलं नाही. तूही आली नाहीस. सगळ्या गाड्यांकडे बघत होते, मग बघणं सोडलं.

सांगते काय झालं, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकलंस तर मी मेले असंच ऐकशील.

मला पुढे आरामखुर्चीत बसवलं. मांडीवर गोधडी, आपल्याकडच्या मे महिन्यात. घाम असा सुटला की बघणाऱ्यांना वाटलं, ताप आहे. ब्रदर हॉलिस म्हणाले, “आपल्या या भगिनीने दुःख किती शांतपणे सोसलं!” मागे गायकांनी सूर धरला. लॅडोना ओडेलच्या शेजारी बसून त्याला पंख्याने वारा घालत होती. त्याला, मला नाही.

मी उठले. गोधडी पायात अडकली, ती सोडवली आणि म्हटलं, “मी मरत नाहीये. मी बारीक होतेय.”

सूर बंद पडला.

“माझं पित्ताशय जागच्या जागी आहे. मी पोट कापून घेतलं आणि तुम्हाला सांगायची लाज वाटली. तुम्ही माझ्यासाठी रडलात, रांधलंत, आणि मी गप्प बसून सगळं घेतलं. माफ करा. लॅडोना, तो पंखा खाली ठेव.”

तेवढ्यात मिस ओर्फाने, तिला तर कमी ऐकू येतं, शेजारणीला मोठ्याने विचारलं, “म्हणजे माझं निळं भांडं परत मिळणार ना?”

पहिला हसला तो ओडेल. मग सगळे. अगदी सगळे नाहीत. ट्वायला माझ्यासमोरून मान वळवून गेली आणि तिचं बरोबर आहे, ती खरंच रडली होती. मिस ओर्फाने मात्र बाहेर आल्यावर माझा कोपर धरला. म्हणाली, “वेडे, मला सांगितलं असतंस तर रस्सा आणला असता. गाळून.” मी ज्या बाईला घाबरून खोटं बोलले, ती ही बाई.

मग पुडिंग. सवयीने दोन चमचे आणले होते. ट्रकच्या फळीवर पातेलं मांडीवर घेऊन बसले. एक चमचा खाल्ला. बास होता. दुसरा खाल्ला. मग बाजूची रिकामी जागा दिसली आणि मी खात सुटले, केळ्याएवढ्या पोटात गोड कोंबत. थोड्याच वेळात डोळ्यापुढे अंधारी, घाम, छाती ढोलासारखी. गोड जास्त झालं की असंच होईल, डॉक्टरने बजावलं होतंच. तिथेच चर्चच्या आवारात मम्माची कबर होती आणि तिचा दगड गार होता, म्हणून त्याच्यावर जाऊन आडवी झाले.

आता बघ, नुकतीच सगळ्यांना सांगून आलेली की मी मरत नाहीये, आणि कबरीवर उताणी. ट्वायलाने किंकाळी फोडली. लॅडोनाने ओडेलचा दंड धरला. तो हिसडून ओडेल धावला. लग्नानंतर मी त्याला धावताना पाहिलेलं नाही. माझ्यावर वाकून म्हणाला, “व्हर्लीन, गेलीस?”

मी म्हटलं, “नाही. पुडिंग.”

तो तिथेच दगडाला टेकून बसला आणि रडला. म्हणाला, ती भांडी खाऊन खाऊन मला वाटायला लागलं होतं की तू खरंच मरतेयस आणि मलाही खोटं सांगतेस. तेव्हा मला खरी लाज वाटली.

भूक नाही लागत मला, मेबेथ. ती त्यांनी कापून फेकली. तुझी जागा रिकामी असणं तेवढं कापता आलं नाही.

भांडी सगळी टेबलावर मांडली आहेत. ती तशीच रिकामी परत करीन. मम्मा उठून बसली तर बसू दे. रांधायला माझा धीर होत नाही. चाखायला एक चमचा घेतला की मागून दहा येतील, कालच बघितलं.

आता पत्र लिहिणार नाही. तुला यायचं असेल तेव्हा दार उघडंच आहे. कपडे धुण्याच्या खोलीचंही आता लागतं.

व्हर्लीन

*

लॉरा बेल, व्हिक्सबर्गच्या खाली
१४ मे

सिस,

पाणी चढलं होतं, लाँच येत नव्हती. तुझी दोन्ही पत्रं आज एकदम मिळाली, आणि त्यांच्याबरोबर लॅडोना क्रम्पचं सांत्वनाचं कार्ड. सोनेरी कडा. ‘तुझी बहीण आता वेदनांच्या पलीकडे जाईल’ असं लिहिलंय आणि खाली विचारलंय, ओडेलच्या शर्टाचं माप काय. ते आधी उघडलं.

आधी उघडलं, सिस. तुझी पत्रं उघडेपर्यंत मी जमिनीवर बसले होते. कॅप्टन डूली दारात उभा राहून टोपी हातात फिरवत होता. मग तुझं ‘नाही. पुडिंग.’ वाचलं आणि मी जी हसायला लागले ती थांबेना, आणि ते हसू कधी रडू झालं मलाच कळलं नाही. रात्रीचं जेवण पोरांनी केलं. भयंकर होतं.

ऐक. तू बारीक होशील याचा मला राग नव्हता. म्हणजे होता, पण तो छोटा. मोठा राग याचा की तू ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झालीस आणि मला माहीत नव्हतं. तिथे काही बरंवाईट झालं असतं तर त्या वेळी मी बटाटे सोलत असते आणि गाणं म्हणत असते. पुन्हा असं केलंस तर मीच येऊन तुला मारीन, मग लॅडोनाचं कार्ड वाया जायचं नाही.

नदी डुलत नाही. बरोबर आहे तुझं. खुर्ची माझ्यामुळे मोडली. पोरं हसली नाहीत, घाबरली, आणि मला उठवायला चौघं लागली. मला तेव्हा मम्माची पेटी आठवली. तुझ्या त्या पोरगेल्या डॉक्टरचं नाव कळव. नुसतं नाव. लगेच उड्या मारू नकोस.

जादा फेरी अर्ध्यावर सोडली आहे. कॅप्टनला कार्ड दाखवलं, त्याने बाकी काही विचारलं नाही. शनिवारी ग्रीनव्हिलला उतरते. ओडेलला न्यायला पाठव, ट्रक घेऊन, पोतंभर पीठ आणि डझनभर कोंबड्या घालून.

आणि एकही भांडं रिकामं परत करायचं नाही. ऐकलंस? एकही नाही. मी येते आणि सगळी भरते. मिस ओर्फाच्या निळ्यात डम्पलिंग, ट्वायलाच्यात पीच कॉबलर, कारण तिला तोंड दाखवायचं तर गोडच न्यावं लागेल. लॅडोनाच्यात भेंडी. शिजवलेली, बुळबुळीत. तू माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बस, मजबूत बघून दोन ठेव. खिडकी उघडी ठेवू. मी चमचा पुढे करीन, तू मीठ सांगायचं, आणि चमचा माझ्याकडे परत. मागून दहा येणार नाहीत, चमचा माझ्या हातात आहे. तू नाहीस तर माझं मीठ चुकतं, हे त्या करपलेल्या ग्रेव्हीपासून सगळी बोट सांगतेय.

चव बघायला पोट कशाला लागतं? जीभ लागते. आणि तुझी जीभ कापायची हिंमत मेम्फिसच्या कुठल्याच डॉक्टरात नाही.

शनिवारी,
मेबेथ